तूर विकली अन् दाळ विकत आणली: कमी पैशात घरच्यांना नीट जेवू घालायचं कसं

मागच्या वर्षी जानेवारीत आम्ही तीन क्विंटल तूर विकली, सगळीच्या सगळी, आणि जुलै उजाडेस्तोवर मीच किराणा दुकानातून पावशेर पावशेर तुरीची दाळ आणत होते, ती पण वरण पातळ करून करून पुरवायची. त्याच पावसाळ्यात मुलीच्या शाळेत रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९ निघालं. आठवीतली पोरगी, या वयात १२ च्या वर पायजे. आशाताई घरी आल्या, मी म्हटलं अहो पोटभर जेवते ती, तर म्हणाल्या, "पोट भरते गं, पन निऱ्या भातावर रगत कायचं बनन?"

ते डोक्यात बसलं. म्हणून हे सगळं लिहून काढते आहे, कारण मोबाईलवर "हेल्दी डाएट" शोधलं की ओट्स, ब्रोकोली, पनीर, बदाम असलं काहीतरी येतं आणि ते आमच्या दारव्हा तालुक्यातल्या आठवडी बाजारात मिळतही नाही अन् परवडतही नाही. आमच्या घरात आम्ही पाच जण, सासूबाई, हे, मी, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. वावर साडेतीन एकर, कोरडवाहू, कपाशी सोयाबीन अन् मधात तूर. बाकी मजुरी. म्हणजे तुमच्यासारखंच.

आधी वही, मग बाजार

काहीही बदलायच्या आधी एक महिना फक्त लिहा. पोराच्या जुन्या वहीतलं एक पान घ्या आणि तोंडात जाण्यासाठी जो जो रुपया खर्च होतो तो लिहा, किराणा, भाजी, दूध तर लिहायचंच पण पोरांचे पुडे, टपरीवरचा चहा, खर्रा (तंबाखू-सुपारीचा) हे पण. लाजायचं नाही, वही कोणाला दाखवायची नाही.

माझ्या वहीत काय निघालं सांगते. दाळ महिन्याची अडीच किलो, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास. कुरकुऱ्याचे, बिस्किटांचे, चिप्सचे पुडे, दोघा पोरांचे रोजचे दहा दहा रुपये धरले तर सहाशे. आणि यांचा खर्रा, दिवसाला दोन, वीस वीस रुपयाचे, म्हणजे बाराशे. मी वही दोनदा तपासली. पाच माणसांच्या दाळीच्या जवळजवळ चौपट पैसा एका माणसाच्या खर्ऱ्यात! मी भांडले नाही, नुसतं पान समोर ठेवलं. हे म्हणाले "हळूहळू करतो ना वं कमी." एक झाला आहे आता, दुसरा अजून सुटला नाही. खर्ऱ्यानं तोंड उघडत नाही, तिखट लागते, कॅन्सर होतो हे तर सगळ्यांना माहीत आहे पण तो भुकेचाही गळा दाबतो, खर्रा खाणारा माणूस सकाळचं जेवण टाळतो अन् दुपारी वावरात चक्कर येते, हे मी घरातच पाहिलं.

तर पहिला महिना फक्त लिहिणं. दुसऱ्या महिन्यात पैसा वाढवायचा नाही, आहे तोच इकडून तिकडे सरकवायचा. मी पोरांना पुड्यांऐवजी दिवसाआड भाजलेले फुटाणे, उकडलेलं अंडं, शेंगदाणे-गूळ असं द्यायला लागले. रडारड आठ दिवस झाली. शनिवारी एक पुडा अजूनही मिळतो, एकदम बंद केलं असतं तर मुलानं दुकानात उधारी केली असती, त्याचा स्वभाव मला माहीत आहे.

पीक घरी येतं तेव्हाच वर्षाचं जेवण बाजूला काढा

हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे म्हणून जरा हिशोब करून सांगते. एका माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम दाळ धरा, म्हणजे पाच जणांची २५० ग्रॅम, महिन्याची साडेसात किलो आणि वर्षाची ९० किलो. तुरीची दाळ केली की शंभर किलोला सत्तरच्या आसपास दाळ पडते, बाकी चुनी-टरफल जनावरांना जातं. म्हणजे ९० किलो दाळीसाठी सव्वा क्विंटलच्या वर थोडी तूर लागते. आमची तीन क्विंटल झाली होती, तर सव्वा-दीड क्विंटल ठेवून बाकीची विकता आली असती.

आता तुम्ही म्हणाल यात वाचतं किती. खरं सांगते, फार नाही. तूर सत्तर रुपये किलोनं गेली, तिची दाळ केली तर किलोला शंभर पडते, वर भरडाई, अन् दुकानात तीच सव्वाशे-दीडशेला. म्हणजे किलोमागे वीस-चाळीस रुपये. पण खरा फायदा वेगळाच आहे. दाळ विकत आणायची असली की बाईचा हात आखडतो, मूठभर दाळीत तांब्याभर पाणी पडतं. कोठीत दाळ भरलेली असली की हात मोकळा चालतो. मागच्या वर्षी मी पाच जणांच्या दोन वेळच्या वरणाला मिळून ८० ग्रॅम दाळ घालत होते, यंदा मोजून पाव किलो घालते, माणसं तीच, चूल तीच.

दाळ करायला आता बऱ्याच मोठ्या गावांत मिनी दाल मिल आहे, आपल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली पीकेव्ही मिनी दाल मिल बचत गटाच्या बायका पण चालवतात. नाहीतर जुनी पद्धत, तूर रात्रभर भिजवायची, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायची आणि जात्यावर भरडायची. ठेवताना दाळ दाताखाली कट्कन् तुटेल इतकी वाळलेली पायजे, किलोला छोटा चमचाभर एरंडेल चोळलं की भुंगे लागत नाहीत, कोठीत मधात मधात कडुलिंबाचा वाळलेला पाला. आणि एक हात जोडून सांगते, फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, कॅन कितीही धुतले तरी त्यात धान्य, तेल, पाणी काही ठेवायचं नाही. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते विसरायला नको.

ज्यांना वावर नाही त्यांनी काय करायचं? तूर निघते तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत सोंगणीची थोडी मजुरी धान्यात मागा, बरेच शेतकरी देतात. किंवा चार-पाच जणींनी मिळून एक क्विंटल तूर थेट कास्तकाराकडून घ्या अन् दाळ करून वाटून घ्या. हरभऱ्याचं पण तसंच, मार्चमध्ये घ्यायचा. बचत गटाचं छोटं कर्ज लोक बारशाला, मोबाईलला काढतात, आम्ही तीन बायकांनी यंदा हरभऱ्याला काढलं. हसल्या बाकीच्या.

रेशन: फुकट आहे म्हणून हलकं समजू नका

प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो अन् अंत्योदयला घरामागे ३५ किलो धान्य मिळतं आणि २०२३ पासून ते फुकट आहे. बऱ्याच घरी यातला तांदूळ फेरीवाल्याला पडेल त्या भावात विकतात आणि त्या पैशाचं काय होतं ते पण आपल्याला माहीत आहे. विकू नका. जास्त होत असेल तर त्याचे आयते (धिरडे) करा, उडदाची दाळ असेल तर मूठभर भिजवून सोबत वाटा, नसली तर हरभऱ्याची चालते.

रेशनच्या तांदळात मधूनच काही दाणे वेगळे दिसतात, जरा पिवळट, गुळगुळीत. आमच्या गल्लीत सगळ्यांनी ते "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून निवडून निवडून फेकले. ते प्लास्टिक नसतं. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून ते दाणे बनवतात आणि शंभर किलोत साधारण एक किलो मिसळतात. म्हणजे जो दाणा पोरीच्या रक्ताला उपयोगी तोच मी सहा महिने कोंबड्यांना टाकत होते. कोंबड्या मात्र टणक झाल्या. तर ते दाणे ठेवायचे, तांदूळ दहादा धुवायचा नाही आणि भात पसावून पाणी फेकायचं नाही, मोजून पाणी टाकायचं.

इथं एक महत्त्वाचं. आपल्या विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. घरात कोणाला सिकलसेल असेल तर लोहाच्या गोळ्या, लोह घातलेलं खाणं याबद्दल आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरला विचारा, माझं ऐकून काही करू नका. आणि तपासणी झालीच नसेल तर करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते.

ताकदीचं खाणं स्वस्तात कुठून आणायचं

मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅमच्या जरा वर प्रोटीन लागतं, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४५ ग्रॅमच्या आसपास. हे ऐकून घाबरू नका, पावडरच्या डब्याची गरज नाही. पाव किलो पिठाच्या भाकरी-पोळ्यांतून पंचवीसएक ग्रॅम येतं, ५० ग्रॅम दाळीतून अकरा, शंभर ग्रॅम तांदळातून सात-आठ. झालं की. पण तेच नुसत्या चारशे ग्रॅम तांदळाचा भात चटणीसोबत खाल्ला तर तीसच्या आसपासच भरतं आणि ते पण अर्धवट दर्जाचं, कारण तांदळात-ज्वारीत जे कमी असतं ते दाळीत असतं अन् दाळीत जे कमी ते धान्यात. म्हणून वरण-भात, भाकर-चून (पिठलं), खिचडी या जोड्या आपल्या म्हाताऱ्यांनी उगाच नाही लावल्या.

आता पैशाच्या हिशोबानं पाहा, भाव आमच्या बाजारातले, तुमच्याकडे थोडे इकडे तिकडे होतील. दहा रुपयात सुट्या सोयाबीनच्या वड्या घेतल्या तर जवळपास शंभर ग्रॅम येतात आणि त्यात पन्नासएक ग्रॅम प्रोटीन. दहा रुपयाच्या हरभऱ्यात पंचवीस, दहा रुपयाच्या तूरदाळीत सतरा-अठरा, शेंगदाण्यात तेवढंच. अंडं सात रुपयाचं, त्यात सहा ग्रॅम, म्हणजे महाग वाटतं पण अंड्याचं प्रोटीन चांगल्यात चांगलं आणि त्यात बी-१२ असतं जे दाळीत नसतंच, म्हणून पोरांना आठवड्यातून तीन-चार द्याच. दुधाचं सांगायचं तर दहा रुपयात दोनशे मिली येतं अन् सहा-साडेसहा ग्रॅम, कॅल्शियमसाठी ठीक, पण अर्धं दूध चहात ओतून "पोरं दूध पितात" म्हणण्यात काही राम नाही. त्यापेक्षा त्याचं दही लावून ताक करा, पाच जणांत पुरतं.

सोयाबीनचं मला नेहमी नवल वाटतं. पोती भरभरून आपण पिकवतो, एक दाणा घरात शिजत नाही. कच्चं सोयाबीन तसंच दळून खायचं नसतं, पचत नाही, पोट फुगतं. पद्धत अशी: सोयाबीन निवडून उकळत्या पाण्यात टाकायचं, वीस-पंचवीस मिनिटं उकळायचं, पाणी फेकायचं, हातानं चोळून सालं काढायची, कडक वाळवायचं, वाटल्यास हलकं भाजायचं आणि दहा किलो गव्हात एक किलो टाकून दळून आणायचं. त्याच्या वर टाकलं तर पोळी वातड होते आणि वास येतो, मी दोन किलो टाकून पाहिलं, सासूबाईंनी पहिल्याच घासाला ओळखलं. आणि पेरणीतून उरलेलं बियाणं, थैलीतलं, गुलाबी-लाल रंगाचं, औषध लावलेलं, ते चुकूनही खाण्यात घ्यायचं नाही, कोंबड्यांना पण टाकायचं नाही.

बरबटी, मटकी, मूग, वाटाणा हे पण आलटून पालटून. मोड आणले की लवकर शिजतात अन् सरपण, गॅस वाचतो. चून आठवड्यातून दोनदा आमच्याकडे असतंच, पातोडीचा रस्सा पाव्हणे आले की. फक्त बेसन सुटं स्वस्त मिळालं तर घेऊ नका, त्यात लाखोळीच्या (लाखेच्या दाळीच्या) पिठाची भेसळ असते कधी कधी, आपलाच हरभरा दळून आणा.

लाखोळीचा विषय निघालाच तर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे धानाच्या बांध्यात लाखोळी निघते अन् लोक खातात. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती ती उगाच नव्हती, दुष्काळात महिनोन् महिने लोकांनी फक्त लाखोळीवर दिवस काढले की पाय लुळे पडायचे. अधूनमधून, दुसऱ्या दाळीसोबत, गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून खाल्ली तर गोष्ट वेगळी. पण रोजची एकमेव दाळ म्हणून नको, पोरांना तर नकोच.

धुऱ्यावरची भाजी

जून ते सप्टेंबर आपल्याकडे सगळ्यात कडकीचे महिने. पैसा बियाण्यात, खतात, डवरणीत गेलेला, कापूस यायला वेळ. आणि नेमकं त्याच महिन्यांत धुऱ्यावर (बांधावर), पडीत जागेत भाजी फुकट उगवते. सासूबाई म्हणतात, "आमच्या टायमाले कोनी भाजी इकत आनत नोतं माय, निंदाले गेलं का ओटीत घेऊन ये." आता पोरींना तरोटा दाखवला तर तो गवत वाटतो.

पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत तरोटा येतो, त्याची नुसती कोवळी पानं खुडायची, शेंग धरायच्या आधी. पानं कडवट असतात म्हणून उकळून पाणी पिळून काढायचं अन् भरपूर कांदा, लसूण, लाल मिरची, भिजवलेली हरभऱ्याची दाळ टाकून परतायची. कुंजर, घोळ, तांदूळजा हे पण तेव्हाच. घोळ मुतखडा असणाऱ्यांनी जपून खावी. चिवळ ओलिताच्या वावरात मिळते, उन्हाळ्यात पण, तिला निवडायला अर्धा दिवस जातो आणि चार-पाच पाण्यांतून धुतली नाही तर दाताखाली माती करकरते, पण मुगाची दाळ घालून केली तर आमच्या घरी भांडं पुसून खातात. अंबाडी कपाशीच्या धुऱ्यावर ओळभर टोकून ठेवायची, तिच्या आंबट भाजीत ज्वारीच्या कण्या किंवा तूरदाळ, वरून लसणाचं तेल. हेट्याची फुलं. आणि हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला, शेंडे खुडले तर झाडाला फुटवे पण चांगले येतात, तो सावलीत वाळवून डब्यात भरला की मे महिन्यात, बाजारात वांगं ऐंशी रुपये झालं की, आलन लावून भाजी होते.

पालेभाजीला बेसनाचं आलन लावणं, दाळ टाकणं हे चवीपुरतं नाही, एकाच भाजीत दोन कामं होतात. आणि वरून लिंबू पिळा, नाहीतर सोबत कच्चा भेदरा (टमाटर), आवळा, कैरी, पेरू काहीतरी आंबट ठेवा, पालेभाजीतलं, दाळीतलं लोह अंगाला लागायला ते आंबट लागतं. उलट जेवणावर लगेच चहा प्याला की ते लोह लागत नाही. आमच्याकडे जेवलं की चहा ही पक्की सवय होती, आता तासभर थांबतो. नाही थांबत खरं तर, सासूबाई अर्ध्या तासानं चूल पेटवतात, पण पोरीला मी देत नाही. लोखंडी कढईत भाजी केली तर तेवढंच लोह मिळतं, फक्त आंबट भाजी शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची.

रानभाजी घेताना एकच बघायचं, त्या वावरात तणनाशक किंवा फवारणी झाली आहे का. वावर आपलं नसेल तर विचारा. आता बऱ्याच वावरांत तणनाशक मारतात म्हणून भाजीही कमी झाली. मी धुऱ्याची दोन हात पट्टी तशीच सोडायला यांना पटवलं आहे, ते म्हणतात लोक हसतात, धुरा साफ नाही म्हणून.

ज्वारी, जवस, तेल

ज्वारीची भाकर पूर्वी रोज, आता गव्हाची पोळी रोज, कारण गहू रेशनला मिळतो आणि ज्वारी पेरली तर रानडुकरं, पाखरं ठेवत नाहीत. रोज परवडत नसेल तर रात्रीची तरी भाकर करा, ज्वारीनं पोट जास्त वेळ धरतं. साखरेची बिमारी असलेल्या सासूबाईंना तर मी दुपारी पण तीच देते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला गेला की ज्वारीच्या पिठाची आंबील ताक घालून, कोल्ड्रिंकच्या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त.

जवस ही आपल्या विदर्भाची खरी श्रीमंती आहे. शहरात त्याला फ्लॅक्ससीड म्हणून डबीत घालून विकतात. ओमेगा-३ नावाची जी चरबी माशांत असते त्याच घराण्यातली जवसात असते. भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून कुटायची, पण एकदम किलोभर नाही, आठ दिवसांची, खवट लवकर होते. तीळ, शेंगदाणा, जवस अशा तीन चटण्या आलटून पालटून ठेवल्या तर भाजी नसलेल्या दिवशी पण ताट रिकामं नसतं.

तेलाबद्दल आपल्या लोकांना बोललेलं आवडत नाही, तर्री पायजेच. तरी सांगते, माणशी महिन्याला अर्धा किलो पुरतं, पाच जणांना अडीच. महिन्याच्या एक तारखेला तेवढं काढून एका कॅनमध्ये वेगळं ठेवा, संपलं की संपलं. पहिल्या महिन्यात माझं वीस तारखेलाच संपलं आणि दहा दिवस आम्ही उकडलेलं खाल्लं, हा जरा अतिरेक झाला. भज्यांचं जळकं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका एवढं तरी.

साखर आमच्याकडे महिन्याला पाच किलो लागायची, फक्त चहाला. आता तीन. गूळ चांगला म्हणून साखरेइतकाच गूळ कोंबायचा याला काही अर्थ नाही, गोड ते गोडच.

परसात जे जमेल ते

शेवगा एक तरी लावा, भंडाऱ्याकडचे लोक ज्याला मुंगना म्हणतात तो. शेंगा तर आहेतच पण पाला खरा कामाचा, वरणात मूठभर टाका, भाकरीच्या पिठात मळा. मोरीच्या पाण्यावर एक पपई, कढीपत्ता, लिंबू. टिनावर कोहळ्याचा आणि वालाचा वेल. सांभार (कोथिंबीर), मेथी टोपलीत, जुन्या टपात. हे सगळ्यांना माहीत असतं, करायचं तेवढं राहतं. बकऱ्यांपासून वाचवायला काट्या लावाव्या लागतात, ते काम आधी, बी नंतर.

बाजारात सांजच्या टायमाला जावं, बाजार उठताना वांगे, भेदरं, मेथी अर्ध्या भावात देतात. फक्त पालेभाजी कोमेजलेली घेऊन चार दिवस ठेवू नका, त्याच रात्री नाहीतर सकाळी शिजवा.

अंगणवाडीतून जे पाकीट मिळतं, ते बऱ्याच घरी बकरी खाते. चव नाही आवडत हे खरं, पण त्यात कांदा, सांभार, तिखट घालून धिरडे टाकले तर माझा मुलगा पण मागायचा. आणि शाळेतली खिचडी पोरानं खाल्ली का हे रोज विचारा, डबा नेला म्हणून ती सोडायची नाही, तो त्याचा हक्काचा आहार आहे.

ताटात कोणाला काय

हे लिहू की नको असं झालं होतं. घरात दाळ आली, भाजी आली, तरी माझ्या अन् पोरीच्या ताटात तळाचं पाणीच येत होतं, कारण आधी पुरुष, मग म्हातारी, मग मुलगा, मग आम्ही. कोणी मुद्दाम करत नाही, तशी रीत पडली आहे. मी काय केलं, वरण शिजलं की फोडणी द्यायच्या आधीच घट्ट वरणाच्या दोन वाट्या काढून झाकून ठेवायला लागले, एक पोरीची, एक माझी. अंडी पण मोजून, नावानिशी. सासूबाईंच्या लक्षात आलं चार दिवसांनी. मला वाटलं आता बोलतील, त्यांनी तिसरी वाटी आणून ठेवली, म्हणे "माह्यी बी काढत जाय."

गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये मिळणारी जंताची गोळी, दोन्ही घ्यायच्या. जंत असले तर खाल्लेलं लागत नाही. संडासातून आल्यावर अन् जेवणाआधी साबणानं हात, पोरांच्या पायात चप्पल. हिमोग्लोबिन इतकं कमी असेल तर नुसत्या भाजीच्या भरवशावर राहू नका, दवाखान्यात दाखवा, आम्हाला तिथून तीन महिने रोजच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी संडास काळी होते, घाबरून बंद करतात बऱ्याच जणी, तसं करू नका.

दिवाळीनंतर परत तपासलं तेव्हा ११.२ आलं. अजून बाराच्या खालीच आहे. यंदा तूर घरात आल्या आल्या पहिली दीड क्विंटल मी कोठीत टाकली, उरलेली हे बाजार समितीत घेऊन गेले. वड्यांचं सामान मार्चमध्ये काढीन, मुगाच्या अन् कोहळ्याच्या. कोंबड्या चार होत्या, एक मुंगसानं नेली, उरलेल्या तिघी आठवड्याला आठ-नऊ अंडी देतात, त्यातली चार पोरीची, हे वहीत लिहिलेलं आहे.